छोट्या विमानांचे वैमानिक आणि त्यांचे ‘गलेलठ्ठ’ पगार

ओझरकर:
काल मुलुंडच्या काकांनी लिहिलं, ‘बाविशीत लाखावर पगार घेणाऱ्या एटीआरवाल्यांनी रड थांबवावी, एसटीच्या ड्रायव्हरकडे बघावं.’ (एटीआर म्हणजे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान.) तिथे चार ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

काका, लाखाचा आकडा खोटा नाही. पण त्याच्या आधीचं बोला की! २०० तास उडवून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात येईस्तोवर ५० लाखांच्या पुढे खर्च. वर टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवायचा वेगळा परवाना, तेही बहुतेकदा आपल्याच खिशातून. लायसन्स मिळूनही माझी बहीण कितीतरी दिवस घरी बसून होती, हप्ते सुरूच. शेवटी एका छोट्या कंपनीत लागली. विमानं बोटांवर मोजण्याइतकी, एक दुरुस्तीला हँगरमध्ये गेलं की ड्यूटीचा निम्मा रोस्टर रिकामा. पगाराचा मोठा भाग उडवलेल्या तासांवर. पन्नास मिनिटांची चार सेक्टर, म्हणजे उड्डाणं, केली तरी साडेतीन तास भरत नाहीत, आणि मधे जमिनीवर प्रवासी चढ-उतारात गेलेला वेळ कोणी धरत नाही.

पुढे जायचं म्हटलं, तर एटीआरचं रेटिंग एअरबसला चालत नाही. पुन्हा रेटिंग, पुन्हा पैसे. वर डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचा, २०१७ चा नियम: नोकरी सोडायची तर को-पायलटला नोटीस सहा महिने, कॅप्टनला वर्ष.

मुलुंडचे काका:
वाचलं. कर्ज डोळे उघडे ठेवूनच घेतलं होतं ना? माझा भाचा इंजिनियर होऊन हिंजवडीत वर्षाला साडेतीन लाखांवर राबतोय, त्याच्यासाठी कोण धागा काढतं? आणि कॅप्टन झाल्यावर पगार कुठल्या कुठे जातो, ते सोयीस्कर गाळलंत.

डावी सीट:
मी एटीआरवरच कॅप्टन आहे. दोघंही अर्धवट बोलताय. ओझरकर, एटीआरवर डावीकडे, कॅप्टनच्या सीटवर, लवकर बसता येतं हे का नाही लिहिलं? बड्या कंपनीत गेलेले माझ्या बॅचचे काहीजण अजून उजवीकडेच, को-पायलट आहेत. दिवसाला चार लँडिंग, आखूड धावपट्टी, पावसाळ्यातला क्रॉसविंड, यानं हात बसतो तो ऑटोपायलटवर तासन्‌तास बसून नाही बसत.

आणि काका, भाच्याला दर सहा महिन्यांनी परीक्षा देऊन नोकरी टिकवावी लागते का? आम्हाला सिम्युलेटर चेक, म्हणजे नकली कॉकपिटमधली परीक्षा, चुकत नाही. दरवर्षी मेडिकल वेगळं.

चिपीकर:
वैमानिकांचं होईल काहीतरी, आमचं बोला. ९ ऑक्टोबर २०२१ ला वाजतगाजत सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला. सरकारच्या ‘उडान’ या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेची तीन वर्षं सरली आणि मुंबईचं विमान गायब! ते चालू होतं तेव्हाही गणपतीत आईवडिलांची तिकिटं काढलेली, आदल्या संध्याकाळी मेसेज, ‘ऑपरेशनल कारणास्तव रद्द’. म्हातारी माणसं कणकवलीपर्यंत जनरलच्या डब्यातून गेली. आमका कोण इचारता?

गोदाकाठ:
चिपीकर, +१. आम्हा नांदेडवाल्यांना विचारा. एप्रिल २०१७ ला ‘उडान’ची अगदी पहिली जी विमानं उडाली त्यांत नांदेड–हैदराबाद होतं. २०२२ मध्ये ते विमान चालवणारी ट्रूजेट कंपनी बंद पडली आणि आम्ही पुन्हा रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर आलो.

मुलुंडचे काका:
म्हणजे अनुदान आहे तोवर विमान. आमच्या करातून यांचे पगार!

गोदाकाठ:
आणि तुमची लोकल? ती तोट्यात कोणाच्या करातून चालते? मराठवाड्याला काही मिळालं की लगेच कर आठवतो.

मुलुंडचे काका:
लोकलला नावं ठेवू नका. सकाळी आठ वाजता ठाण्याला चढून दाखवा, मग बोला.

चिपीकर:
चढतो. आधी तुम्ही मे महिन्यात कोकणकन्याचं कन्फर्म तिकीट काढून दाखवा.

ओझरकर:
अहो, धागा वैमानिकांचा आहे! पण अनुदानाचं निघालंच आहे तर ऐका. निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासाला २०१७ मध्ये साधारण २५०० रुपयांची भाडेमर्यादा, बाकी भरपाई सरकारकडून, तीही तीनच वर्षं. कंपनी तेवढाच हिशेब करते. बहिणीचं कर्ज त्याच्या कितीतरी पुढे जातं. मार्ग बंद झाला की चिपीकरांचं विमान जातं आणि तिचे तास जातात. भांडताय कशाला एकमेकांशी?

न्यूजर्सीकर:
१२ फेब्रुवारी २००९ ला आमच्या नेवार्कहून निघालेलं कोल्गन एअर या छोट्या कंपनीचं विमान बफेलोजवळ पडलं, ५० माणसं गेली. को-पायलटचा पगार तुटपुंजा, आणि ती रात्रभर प्रवास करून सिअ‍ॅटलहून ड्यूटीला आली होती. २०१३ मध्ये को-पायलटलाही १५०० तास उडवल्याची अट आली. पुढे माणसं मिळेनात, तेव्हा २०२२ ला अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नवख्याला तासाला ९० डॉलर देऊ केले. तुमच्याकडेही तेच करायला हवं.

डावी सीट:
हे म्हणजे तिकडून सोपं आहे. इथे २०० तासांवर उजवी सीट मिळते, म्हणून रांग लांब आणि भाव कमी, हे कबूल. पण १५०० ची अट घातली तर मधले तास मुलांनी धुळ्याच्या आभाळात घिरट्या घालून भरायचे? कोणाच्या पैशानं?

न्यूजर्सीकर:
कंपन्यांच्या.

डावी सीट:
😂😂

मुलुंडचे काका:
बरं, एसटीची तुलना मागे. एसटीवाल्याला गाडी शिकायला निदान घर गहाण टाकावं लागत नाही. ‘रड’ मात्र मागे घेणार नाही.

ओझरकर:
उपकार झाले.

प्राची_अकोला:
भांडण रंगलंय, पण मधेच विचारते. मुलगी बारावीला आहे, फिजिक्स-मॅथ्स घेतलंय, पायलटच व्हायचं म्हणते. भारतात करू की बाहेर पाठवू?

डावी सीट:
ताई, ते नंतर. एक रुपया फी भरायच्या आधी क्लास टू आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. मग कुठल्याही संस्थेत गेलात की विमानं किती हे विचारू नका, त्यातली उडतात किती ते विचारा. आणि गेल्या बॅचला २०० तास भरायला किती महिने लागले, ते ऑफिसात नाही, कँटीनमधल्या पोरांना विचारा.