‘गॅग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
हॉलिवूडचा विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन याच्या मूकपटांवर लेख लिहिते आहे. दर दोन ओळींनी ‘गॅग’, म्हणजे पडद्यावर काही घडवून हसवण्याची करामत, हा शब्द येतो. विनोद, थट्टा, चुटका, कोटी असे सगळे पर्याय लावून पाहिले, एकही बसत नाही. पात्रं बोलतच नाहीत तिथे कोटी कुठली? नेमका मराठी शब्द कुणी सुचवेल का? जमल्यास ‘स्लॅपस्टिक’बद्दलही सांगा.

प्रतिसाद
लुमिएर बंधूंच्या 1895 च्या छोट्या चित्रपटात माळी झाडांना पाणी घालत असतो. एक पोरगा पाइपवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी पाइपच्या तोंडात डोकावून बघतो आणि पोरगा पाय काढतो. याला ‘खोडी’ म्हणता येईल. बाकी ठिकाणी ‘गंमत’ किंवा ‘फजिती’.

प्रतिसाद
खोडी काढायला कुणीतरी लागतं, आणि कीटनकडे बऱ्याचदा असं कुणी नसतंच. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (1928) मधलं वादळ घ्या. घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि खिडकीची मोकळी चौकट बरोबर त्याच्यावरून जाते. ही खोडी कुणाची? वाऱ्याची?

हा प्रसंग कसा केला ते पाहिलं की शब्दाचा अर्थही उलगडतो. भिंत खरी, जड. पडताना वाकू किंवा मुरडू नये म्हणून मुद्दाम जड केलेली. कीटनने स्वतः सांगितल्याप्रमाणे चौकटीत दोन्ही खांद्यांना, डोक्याला आणि टाचांना दोन-दोन इंचांची मोकळीक होती. भिंत आधी जमिनीवर निजवून मापं घेतली, त्याच्या टाचा जिथे यायच्या तिथे मोठे खिळे ठोकले, मग भिंत उभी केली. पडद्यावर तो नुसता उभा असतो, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. ते उभं राहणंच सगळ्यात अवघड होतं.

शिवाय ही कल्पना त्या दिवशी सुचलेली नव्हती. विनोदी नट रॉस्को आर्बकलबरोबरच्या ‘बॅक स्टेज’मध्ये (1919) नाटकाचा रंगवलेला फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची खोटी भिंत, असाच पडतो. ‘वन वीक’मध्ये (1920) घराची भिंत पडते. 1928 मध्ये तीच कल्पना वादळात जाते आणि जिवावरची होते. म्हणजे गॅग ही पुन्हा पुन्हा वापरता, वाढवता, घट्ट करता येणारी रचना आहे. चुटका दुसऱ्यांदा ऐकताना फिका पडतो. ही भिंत मी कितीही वेळा पाहिली तरी श्वास रोखला जातो.

म्हणून तर हॉलिवूडमध्ये ‘गॅगमन’, म्हणजे गॅग रचणारा, हा स्वतंत्र, पगारी पेशा होता. कीटनकडे क्लाइड ब्रकमन, जाँ हावेझ, जोसेफ मिचेल अशी माणसं होती. सुरुवात आणि शेवट हाती लागला की मधलं जुळून येतं, असा त्यांचा हिशेब. कागदावरच्या पटकथेवर त्यांची भिस्त नव्हती. या माणसांना आपण ‘विनोदी लेखक’ म्हणालो तर त्यांच्या कामाचा गाभाच निसटतो.

प्रतिसाद
कॅमेरामनलाही यात धरा. कॅमेऱ्यातली फिल्म हाताने दांडा फिरवून चालवायची, त्यामुळे दांडा हळू फिरवला की पडद्यावर धावपळ वेगात दिसे. कीटनच्या ‘द प्लेहाउस’मध्ये (1921) तो एकाच चौकटीत नऊ जणांच्या रूपात दिसतो. भिंगापुढे झडपा लावून एकेक पट्टी उघडायची, फिल्म मागे घ्यायची, पुन्हा चित्रित करायचं. कॅमेरामन एल्जिन लेसलीचा हात एका लयीत चालला नसता तर नऊही जणांची चाल बिघडली असती.

प्रतिसाद
नाटकवाल्यांकडे ‘ॲडिशन घेणं’ आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी रंगभूमीवर नटाने पदरचं घातलेल्या वाक्याला ‘गॅग’च म्हणत, तेव्हा जुना अर्थ तिथे अचूक बसतो. ‘हशाची जागा’ असंही आपण म्हणतोच.

प्रतिसाद
‘हशाची जागा’ मला फार आवडतं, पण जागा म्हणजे प्रेक्षक जिथे हसतो तो क्षण. गॅगमध्ये त्या क्षणाआधीची बांधणीही येते. ‘वन वीक’च्या शेवटी घर रुळांवर अडकतं, समोरून गाडी येते, नवरा-बायको डोळे मिटून घेतात आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. सुटलो म्हणेपर्यंत उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. इथे हशाच्या जागा दोन आहेत, गॅग एकच. पहिली गाडी नसती तर दुसरीने नुसतं घर मोडलं असतं.

तेव्हा मी ‘गॅग’ तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘रचलेला विनोदी प्रसंग’ असं उलगडून सांगेन.

स्लॅपस्टिक म्हणजे मुळात दोन फळ्यांची काठी. जुन्या इटालियन प्रहसनांतल्या विदूषकाच्या हातात ती असे. मार हलका, आवाज मोठा. निर्माता मॅक सेनेट याच्या कीस्टोन स्टुडिओच्या मूकपटांतल्या पळापळीला ‘आदळआपटीचा विनोद’ शोभतो, चॅप्लिनला सरसकट शोभत नाही. त्याच्यासाठी ‘आंगिक विनोद’ बरा, कारण त्यात टोपी उचलण्याची लकबही मावते.

आपल्याकडे फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ला जोडून ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट दाखवला होता. त्याचा उल्लेख लेखात जरूर करा.

प्रश्नकर्ती
‘गॅग’च ठेवते. लिंग कोणतं? अनेकवचन ‘गॅग्ज’ का?

प्रतिसाद
पुल्लिंगी. तो गॅग, दोन गॅग, गॅगची बांधणी. ‘गॅग्ज’ नको, ‘बॉल’चं अनेकवचन आपण ‘बॉल’च करतो. क्रियापदं ‘रचणे’ आणि ‘बसणे’: गॅग रचला, गॅग बसला. ‘मारला’ मात्र लिहू नका, पंच मारतात.