ई-पुस्तकांच्या नोंदी : प्रकाशकाकडून नेमकं काय मागून घ्यायचं?

कराडची_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या ग्रंथालयात एकटीच आहे, सोबत एक शिपाईमामा. यंदा एका मराठी प्रकाशनाकडून २१२ ई-पुस्तकं घेतली. नोंदी टाइप करत बसायला नको म्हणून त्यांच्याकडे माहितीची एक्सेल मागितली. माणसं भली, दुसऱ्याच दिवशी पाठवली. उघडून बघते तर आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या तेरा आकडी ओळखक्रमांकाच्या, रकान्यात ओळीनं ९.७८८१८ई+१२! एक्सेलनं तेरा आकड्यांचा हिशेबी संक्षेप करून टाकला होता, आणि सीएसव्ही करताना खरे आकडे कायमचे गेले. पुन्हा मागवली. या वेळी आकडे पूर्ण आले, पण पानांच्या रकान्यात '२.४ एमबी'. हसले आणि पुढे गेले.

तिथंच चुकलं. मार्कएडिट या नोंदी बनवायच्या सॉफ्टवेअरमधून फाइल तयार केली, कोहात, म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवली, जुळणीचा नियम आयएसबीएनचाच ठेवला : क्रमांक तोच तर पुस्तक तेच. प्रकाशकानं ई-पुस्तकांना छापील पुस्तकांचेच आयएसबीएन लावले होते. त्यातली ६३ पुस्तकं आमच्या कपाटात आधीपासून आहेत. कोहानं आज्ञाधारकपणे त्या ६३ जुन्या नोंदींवर नव्या नोंदी बसवल्या. माझ्या आधीच्या बाईंनी वळणदार विषय-शीर्षकं दिली होती, ती गेली.

परवा एस. वाय.चा एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. "मॅडम, ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीत) ऑनलाइन दिसतंय, खाली दाखल क्रमांकपण (कपाटातल्या प्रतीचा) आहे. मग पुस्तक कपाटात आहे की मोबाइलमध्ये?" काय सांगणार!

दोन प्रश्न आहेत. जुन्या नोंदी परत येतील का? आणि पुढच्या वेळी प्रकाशकाला काय काय सांगायचं? ते विचारतात, "मॅडम, तुम्हाला कुठले रकाने हवेत ते एकदा सांगा", आणि माझ्याकडे धड उत्तर नसतं.

निवृत्त_तालिकाकार

ताई, आधी घाबरणं थांबवा. स्टेज केलेल्या (चढवण्याआधी कोहात उतरवून ठेवलेल्या) नोंदींच्या यादीत ती बॅच उघडा, तिथे 'अनडू इम्पोर्ट' आहे. बॅच 'क्लीन', म्हणजे रिकामी, केलेली नसेल तर कोहाकडे जुनी नोंद शाबूत असते. फक्त मधल्या काळात हातानं काही दुरुस्त केलं असेल तर ते आधी वेगळं उतरवून घ्या, तेही पुसलं जाईल.

आता मूळ दुखणं. छापील प्रतीला एक आयएसबीएन, ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलला दुसरा, पीडीएफ वेगळी विकत असतील तर तिला तिसरा, असा नियम आहे. आपल्याकडे राजा राममोहन रॉय संस्थेकडून क्रमांक फुकट मिळतात, तरी लोक एकाच क्रमांकावर भागवतात. तुमच्या ई-नोंदीत ई-पुस्तकाचा क्रमांक मार्कच्या (ग्रंथालयांच्या नोंदीच्या ठरलेल्या साच्याच्या) ०२० या रकान्यात, त्याच्या 'ए' या भागामध्ये जाऊ द्या. छापील प्रतीचा द्यायचाच असेल तर 'झेड'मध्ये, म्हणजे जुळणी त्यावर होणार नाही. आणि दोन नोंदींना ७७६ या रकान्यानं एकमेकींचा पत्ता द्या. त्या मुलाला मग दोन्ही दिसतील, एक कपाटात, एक मोबाइलमध्ये.

जाता जाता : नोकरीच्या तीस वर्षांत प्रकाशकाला फोन करून कधी काही विचारलं नाही. पुस्तक आलं की टाइटलपेजच्या मागची बाजू बघायची आणि लिहायचं. ई-पुस्तकाला ती मागची बाजूच कित्येकदा नसते, म्हणून तुम्हाला विचारावं लागतंय.

छपाई_ते_ईपब

मी दुसऱ्या बाजूची. आमचं छोटं प्रकाशन आहे, तिघंजण. एकाच पुस्तकाची माहिती आम्ही आयएसबीएनच्या पोर्टलवर भरतो, गूगल प्लेसाठी भरतो, स्वतःच्या साइटवर भरतो, विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रत्येक ठिकाणी शुद्धलेखन वेगळं! त्यात जुनी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टात. तिथून नाव कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांची भेळ होते, मग कुणीतरी नव्यानं टाइप करतं आणि 'कुलकर्णी'चा ऱ्हस्व 'कु' दीर्घ होतो.

मोठे प्रकाशक ओनिक्समध्ये, म्हणजे पुस्तकांच्या माहितीच्या ठरलेल्या साच्यात, माहिती देतात हे ऐकून माहीत आहे, पण ते आमच्या आवाक्यातलं नाही. आणि तुमचं मार्क म्हणजे आम्हाला मोडी. रकान्यांची नावं सांगू नका, आमच्याच एका पुस्तकाची भरलेली ओळ पाठवा. बाकीच्या आम्ही भरू.

लाइपझिगकर

जर्मनीत राष्ट्रीय ग्रंथालयाच्या २००६ च्या कायद्यानं ऑनलाइन प्रकाशनंही तिथं जमा करणं बंधनकारक केलं. प्रकाशक फाइल आणि माहिती एकत्रच पाठवतो, नोंद बव्हंशी त्यावरूनच बनते. आपल्या १९५४ च्या कायद्यानं कोलकात्यासह चार ग्रंथालयांना छापील प्रत जाते, ई-पुस्तक त्यात बसत नाही. पण इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. प्रकाशकाची माहिती विकण्यासाठी लिहिलेली असते. लेखकाच्या नावापुढे 'सुप्रसिद्ध' असलेली नोंद मी पाहिली आहे.

लिंकबद्दल एक : ८५६ या लिंकच्या रकान्यामध्ये कायमचा पत्ता घ्या. साइट नवी केली की जुने पत्ते मरतात, आणि ते ग्रंथालयाला कुणी कळवत नाही.

कराडची_ग्रंथपाल

काल अनडू केलं. १४९ नव्या नोंदी गेल्या, ६३ जुन्या परत आल्या, बाईंच्या विषय-शीर्षकांसकट. (११ नोंदी मधे हातानं सुधारल्या होत्या. सर, तुमचं वाचलं म्हणून त्या वाचल्या.)

मग @छपाई_ते_ईपब म्हणाल्या तसं केलं. प्रकाशनाच्याच एका अनुवादित कादंबरीची ओळ भरून पाठवली : ई-आयएसबीएन, छापील आयएसबीएन, शीर्षक, उपशीर्षक, लेखकाचं आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत, अनुवादक, मूळ भाषा, आवृत्ती, वर्ष, फाइलचा प्रकार, विषय, लिंक. आयएसबीएनचे दोन्ही रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवले. वर एकच सूचना : युनिकोडमध्ये टाइप करा, विशेषणं नकोत.

त्यांच्या ऑफिसातल्या मुलीचा संध्याकाळी फोन. पहिली चाळीस पुस्तकं भरून झाली. ई-आयएसबीएन मात्र अजून घेतलेले नाहीत, अर्ज करते म्हणाली. तोवर त्या रकान्यात काहीही घालू नका, रिकामा ठेवा, एवढं बजावलंय.

तिचाच एक प्रश्न, मलाही पक्कं उत्तर देता आलं नाही : लेखकाच्या रकान्यात 'कुसुमाग्रज' लिहायचं की 'शिरवाडकर, वि. वा.'? त्यांच्या यादीत कवितासंग्रह एका नावानं आहे, नाटक दुसऱ्या. आमच्या जुन्या नोंदीही तशाच, पुस्तकावर जे छापलंय ते. सर, तुम्ही काय करत होतात?

निवृत्त_तालिकाकार

पुस्तकावर असेल तेच. मात्र दोन्ही नावांत 'हेही पाहा' द्यायचो. कार्डांचा काळ होता, एक कार्ड जास्त लागायचं. कोहात ते अधिकृत नावांच्या नोंदीत एकदाच करून ठेवा. पण हे काम त्या मुलीवर ढकलू नका. तिनं पुस्तकावरचं नाव द्यावं, जोडणी आपली.