मदत हवी आहे: वहिनीला (ब्लॅक अमेरिकन) एकटीने परदेशी फिरायचंय, कुठे जावं?

केवडा:

नमस्कार मंडळी,

दादा बारा वर्षं अटलांटात आहे. वहिनी तिथलीच, जॉर्जियातली, ब्लॅक अमेरिकन. (तिला स्वतःला ‘ब्लॅक’ हाच शब्द आवडतो म्हणून मीही तोच वापरते. ‘कृष्णवर्णीय’ म्हटलं की बातमी वाचून दाखवल्यासारखं वाटतं.) नोव्हेंबरात ती पंचेचाळीस पूर्ण करतेय आणि तिला बारा दिवस एकटीने कुठेतरी जायचंय. दादा नाही, मुलं नाहीत, टूर कंपनी नाही. भांडणबिंडण काही नाही, आईने खोदून खोदून विचारून झालंय. तिथून ती थेट पुण्याला येणार, कारण महिनाअखेर मावसबहिणीचं लग्न आहे.

अमेरिकेच्या बाहेर ती आजवर फक्त आमच्याकडेच आली आहे. विमान तिकिटं सोडून बजेट साधारण साडेतीन हजार डॉलर. समुद्र आवडतो, इतिहास आवडतो, रात्री नाचायला जायला आवडतं. गिर्यारोहण अजिबात नको.

तिच्या यादीत सध्या घाना, पोर्तुगाल, ब्राझीलमधलं साल्वादोर आणि जपान आहे. त्या त्या देशांत राहणारे लोक इथे आहेत म्हणून विचारतेय.

एकच विनंती. ‘मी एकटी गेले होते, काही त्रास झाला नाही’ एवढ्यावर थांबू नका. तुमचा माझा अनुभव भारतीय बाईचा. तुमच्या ओळखीतल्या, ऑफिसातल्या ब्लॅक बाईला तिथे कसं वागवतात हे सांगता आलं तर सांगा. असं का म्हणतेय ते सांगते.

2016 मध्ये ती आली तेव्हा तिला मुरूडला नेलं होतं. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. गाइड रंगात येऊन सांगत होता, सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेले, हा किल्ला शेवटपर्यंत कोणाला घेता आला नाही वगैरे. मी भाषांतर करत होते आणि वहिनी कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात मागून एका सहलीतल्या बायका आल्या, ‘मॅडम सेल्फी’ सुरू झालं, एकीने तर न विचारता वेण्यांना हात लावून पाहिला. वहिनी हसून उभी राहिली. परतताना होडीत म्हणाली, “इथे राज्य केलं ते माझ्यासारखे दिसत होते, आणि नवलाई मीच?” मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. पुण्यात रिक्षावाल्याने ‘नायजेरिया?’ विचारलं ते वेगळंच.

म्हणजे सुरक्षित आणि सुखाचं यात फरक आहे. तिला दोन्ही हवंय.

सदाफुली_64:

दुबईला पाठव. रात्री दोन वाजता एकटी फिरली तरी कोणी बघत नाही. शिवाय अमेरिकन पासपोर्ट आहे, मग अडचण काय?

केवडा:

काकू, पासपोर्ट पर्समध्ये असतो हो. तिच्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते, शहर आणि हॉटेल कुठलं ते लिहीत नाही. संध्याकाळी छान तयार होऊन खाली आली तर लॉबीत दोनदा विचारलं, कोणाला भेटायला आलात? त्याच हॉटेलात तिचे पैसे भरलेले. एकटी ब्लॅक बाई दिसली की ‘धंद्याला आलेली’ असं समजणारी शहरं युरोपातही आहेत, हे त्या मैत्रिणी एकमेकींना आधी सांगतात.

योकोहामाकर:

जपानबद्दल लिहितो. नऊ वर्षं इथे आहे. माझ्या टीममध्ये शिकागोची एक ब्लॅक सहकारी होती, दोन वर्षं राहिली. चोरी, छेडछाड, रात्रीची भीती या बाबतीत ती म्हणायची की आयुष्यात इतकी निश्चिंत कधी चालले नाही. पण गर्दीच्या लोकलमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. आम्हा भारतीयांच्या शेजारचीही राहते, तिच्या शेजारची जरा जास्त. तोक्यो-ओसाकात टक लावून बघणारे कमी, छोट्या गावांत मुलं थेट बोट दाखवतात. त्यात द्वेष नसतो, पण दिवसभरात दहा वेळा झालं की माणूस थकतो.

केसांची मोठी गैरसोय. तिच्या प्रकारचे केस हाताळणारी सलॉन्स अगदी मोजकी, ती बहुतेक तोक्योत. निघायच्या आधी घरूनच वेण्या घालून यावं आणि तेल-क्रीम बरोबर आणावं. तिच्या त्वचेच्या रंगाची फाउंडेशनही दुकानात सहज मिळत नाहीत.

अवांतर: ओदा नोबुनागा या जपानी सरदाराच्या दरबारी 1581 मध्ये यासुके नावाचा आफ्रिकन योद्धा होता. इतिहास आवडतो म्हणालीस म्हणून.

आणि रात्री नाचायचं असेल तर बारा दिवस जपान कशाला? ते नंतर कधीतरी.

लिस्बनची_चिमणी:

पोर्तुगाल पहिल्या एकट्या प्रवासाला खरंच सोपं. इंग्लिश चालतं, मेट्रो सरळ, एकट्या बाईने जेवायला बसलं तर कोणी भुवई उंचावत नाही. इथे केप व्हर्दे, अंगोला, गिनी-बिसावहून आलेली वस्ती मोठी आहे, त्यामुळे ब्लॅक बाई दिसणं नवलाचं नाही. संध्याकाळी केप व्हर्दियन गाणं-नाच असलेली ठिकाणं आहेत, वहिनी तिथे रमेल. शहराचा आफ्रिकन इतिहास दाखवणाऱ्या पायी सहलीही असतात, त्या जरूर घ्या. नाहीतर बेलेम या लिस्बनच्या नदीकाठच्या भागात ‘शोधांचं युग’ म्हणून मोठमोठी स्मारकं बघायची आणि त्या जहाजांतून माणसं विकायला नेली हे कोणी सांगायचं नाही, असं होतं. आपण गोव्याशी नातं सांगणारे लोक, आपल्यालाही ते तसंच शिकवलंय.

पण सगळं गोड नाही. केप व्हर्दियन सहकारी सांगते, पर्यटक म्हणून इंग्लिशमध्ये बोललीस तर हसून बोलतात, आणि पोर्तुगीजमध्ये घर भाड्याने मागितलं की घर ‘नुकतंच गेलेलं’ असतं. वहिनीला बारा दिवसांत हे दिसणार नाही बहुधा.

चपला सपाट आणा. इथले दगडी फूटपाथ पावसात साबणासारखे होतात, आणि नोव्हेंबर हा पावसाचाच महिना.

हापूस_प्रेमी:

कामानिमित्त साओ पावलोला तीन वर्षं होतो, साल्वादोरला चार वेळा गेलो. गुलाम म्हणून अमेरिका खंडांत नेलेल्या आफ्रिकनांपैकी सगळ्यांत जास्त, अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास, ब्राझीलमध्ये उतरवले गेले. गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये, अमेरिका खंडांत सगळ्यांच्या शेवटी. साल्वादोर हे त्या इतिहासाचं माहेरघर. पेलोरिन्यो या तिथल्या जुन्या वस्तीच्या उतारावर संध्याकाळी ढोल सुरू झाले की पाय आपोआप हलतात. पांढऱ्या झग्यातल्या बाया रस्त्यावर आकाराझे तळतात. तो चवळी भिजवून, सालं काढून, वाटून केलेला वडा, पामतेलात तळलेला. आई म्हणेल हा आपलाच.

तिथे वहिनीकडे कोणी वळूनही बघणार नाही, सगळे धडाधड पोर्तुगीजमध्ये बोलायला लागतील. हा फायदा आणि हाच तोटा. स्थानिक समजले की मॉलमधला सुरक्षारक्षक मागे मागे फिरतो, हेही माझ्या तिथल्या मित्रांनी सांगितलंय. फोन किनाऱ्यावर न्यायचा नाही, अंधार पडल्यावर पेलोरिन्योच्या बाजूच्या गल्ल्यांत पायी जायचं नाही. पोर्तुगीज अजिबात येत नसेल तर पहिल्याच एकट्या सहलीला मी सुचवणार नाही. अमेरिकन नागरिकांना एप्रिल 2025 पासून पुन्हा व्हिसा लागतो, तो ऑनलाइन मिळतो.

भटकी_मांजर:

किगालीचं (रवांडा) कोणी लिहिलं नाही म्हणून. स्वच्छ, शिस्तीचं, रात्री बाइक-टॅक्सीनेही बाया एकट्या जातात. प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. समुद्र मात्र नाही, तेव्हा बाद.

अक्राचा_आबा:

धागा उशिरा बघितला. अक्रात सतरा वर्षं आहे, लोखंडी पत्र्यांचा धंदा. मुली, माझं मत सरळ आहे. तिला इकडे पाठव.

1619 मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पहिले आफ्रिकन गुलाम म्हणून उतरवले गेले, त्याला चारशे वर्षं झाली म्हणून घाना सरकारने 2019 हे ‘परतीचं वर्ष’ म्हणून पाळलं. तेव्हापासून अमेरिकेतून एकेकट्या येणाऱ्या ब्लॅक बायका मी बघतोय. हॉटेलं, टॅक्सीवाले, गाइड सगळ्यांना याची सवय झालीय. ‘एकटीच आलात?’ विचारतील, पण ते आपल्याकडच्या एसटीत विचारतात तसं. मग स्वतःच्या मुलांचे फोटो दाखवतील.

डिसेंबर टाळा. नाताळात सगळा डायस्पोरा, म्हणजे जगभर पसरलेले आफ्रिकन वंशाचे लोक, नाचायला येतो, खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. नोव्हेंबर छान, पाऊस ओसरलेला आणि सहाराची धूळ अजून यायची असते. नाच नोव्हेंबरातही कमी नाही.

आता केप कोस्टबद्दल. अक्राहून गाडीने तीनेक तास. गुलाम म्हणून विकायच्या माणसांना कोंडून ठेवायचे ते किल्ले तिथे आणि जवळच्या एल्मिनाला आहेत. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधला, केप कोस्टचा नंतर इंग्रजांच्या ताब्यात होता. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांना कोंडायच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर आहे. एल्मिनात बायकांच्या चौकावर गव्हर्नरचा सज्जा आहे, तिथे उभा राहून तो बाई निवडायचा. केप कोस्टला समुद्राकडे उघडणारं शेवटचं दार, त्याला ‘परत न येण्याचं दार’ म्हणतात. आता त्याच दाराच्या बाहेरच्या बाजूला ‘परतीचं दार’ अशी पाटी आहे. मी पाहुण्यांना घेऊन पुष्कळदा गेलोय. आपले लोक फोटो काढतात, ‘फार वाईट झालं’ म्हणतात आणि जेवायला कुठे जायचं विचारतात. तिच्यासारख्या बायका तिथे भिंतीला हात लावून उभ्या राहतात आणि बराच वेळ हलत नाहीत. त्या दिवशी संध्याकाळचं काही ठरवू नका. मुक्काम तिथेच करा, समुद्राजवळ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेव, नाहीतर मनाला लागेल. ‘ओब्रोनी’ म्हणजे परदेशी, गोरा. रस्त्यावरची पोरं तिलाही ओब्रोनी म्हणू शकतात. घरी आलो म्हणून डोळे भरून येतात आणि कोणीतरी गोरी म्हणतं! काही जणी हसतात, काही जणी खोलीत जाऊन रडतात.

केवडा:

आबा, हे वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, अमेरिकेत ब्लॅक, पुण्यात नायजेरियन, घानात गोरी, सगळा सेट पूर्ण होईल.

तिचे आजोबा साठच्या दशकात अटलांटाहून गाडीने निघायचे तेव्हा ग्रीन बुक बरोबर ठेवायचे. हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने 1936 मध्ये सुरू केलेली मार्गदर्शिका, ब्लॅक माणसाला कुठे जेवायला, झोपायला मिळेल याची. ती म्हणते, तुमचा हा धागा म्हणजे माझं ग्रीन बुक, फक्त लिपी वाचता येत नाही.

घाना जवळजवळ ठरलं. आता लस, पैसे, केस यांचं सांगा.

अक्राचा_आबा:

पिवळ्या तापाची लस. तिचं प्रमाणपत्र नसेल तर घानात शिरता येत नाही. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचायला हवी. आणि नीट ऐक, ती इथून थेट पुण्याला येणार ना? घानाहून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं तर तिथेही तेच कार्ड मागतात. नसेल तर विलगीकरण. लग्न अक्षता पडून संपून जाईल आणि वहिनी अजून आतच. कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवायचं, सामानात नाही. एकदा टोचली की जन्मभर चालते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. व्हिसा निघण्याआधी काढायचा.

नळाचं पाणी नको. टॅक्सी ॲपवरूनच. डाव्या हाताने पैसे देऊ-घेऊ नये, हे पुण्याच्या सुनेला सांगायला नको.

खाणं: ‘रेड रेड’ म्हणजे चवळीची उसळ पामतेलात, सोबत तळलेलं पिकलं केळं. वाच्ये म्हणजे चवळी घातलेला भात.

लिस्बनची_चिमणी:

चवळीने काय जग जोडलंय!

योकोहामाकर:

केसांचं: घाना असेल तर उलटा सल्ला. घरून वेण्या घालून जाऊ नका, तिथेच घाला. माझ्या त्या सहकारीने अक्रात घातल्या होत्या, शिकागोच्या मानाने फार स्वस्तात. शिवाय अमेरिकेतल्या विमानतळावर वेण्या चाचपून बघण्याचा ताप एका फेरीपुरता तरी वाचतो. त्यावरून तक्रारी झाल्या होत्या, 2015 मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं कबूल केलं, पण ती म्हणायची अजूनही हात जातोच.

सदाफुली_64:

माझं दुबईचं मागे घेते. पण एकटीने कशाला, हे अजून कळलं नाही. राग मानू नकोस.

केवडा:

राग नाही काकू. मीही विचारलं होतं. म्हणाली, दोन मुलं, नोकरी, सासूबाईंचे व्हिडिओ कॉल, यातून एकदा कोणालाही न विचारता जेवायची वेळ ठरवायचीय. आई फोनवरच होती, तिने ते ऐकलं. काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी पाच हजार रुपये माझ्याकडे दिले, “तिला तिकडे काही घे म्हणावं.”

अपडेट: तिकीट काढलं. 13 नोव्हेंबरला अक्रा, चार रात्री केप कोस्टला, बाकी अक्रात. परत आदिस अबाबामार्गे मुंबई. लशीची वेळ घेतलीय. आबा, तुमच्या मिसेसचा नंबर व्यक्तिगत निरोपात मिळाला, फार आधार वाटला.

अक्राचा_आबा:

छान. विमानतळावरून बायकोच आणेल, मासे आणि सोलकढी तयार ठेवतो. एक विचार तिला, जन्म कोणत्या वारचा? इथे पहिल्याच दिवशी विचारतात. इथल्या अकान लोकांत वारावरून नाव असतं. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होते ते कोफी अन्नान ठाऊक आहेत ना, कोफी म्हणजे शुक्रवारचा.

केवडा:

तिला ठाऊक नव्हतं, दादाने कॅलेंडरवर बघितलं. बुधवार.

अक्राचा_आबा:

मग अकुआ. केप कोस्टकडे एकुआ म्हणतील.

केवडा:

आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बुधाबाई. माझ्या आजीचं नाव.”