मदत हवी आहे: शेततळ्यातले मोठे रोहू खाईनात, आजार आहे का अंड्यांवर आलेत?

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यातली, लातूरला झूलॉजी शिकते. घरी कागद टाकलेलं शेततळं आहे, रोहू-कटला सोडलेत. मागच्या वर्षी पाणी टिकलं म्हणून पप्पांनी सगळे काढले नव्हते, त्यातले चाळीसेक रोहू आता दोन वर्षांचे झालेत, दीड-दोन किलोचे. मृगाचा पाऊस पडला तसं या मोठ्यांनी खाणंच सोडलंय. खाद्य टाकलं की बारके धावत येतात, मोठे खालून फिरतात आणि निघून जातात, आठ दिवस झाले मी रोज बघायलेय.

खाद्यवाल्यानं भूक वाढवायचं टॉनिक सांगितलंय, बाटलीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही. पप्पा उद्या-परवा आणतो म्हणायलेत. मला त्यांना थांबवायचंय, पण नुसतं नको म्हणून ते ऐकणार नाहीत, कारण सांगावं लागेल.

मला शंका येण्याचं कारण असं. कॅनडातल्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत हेलेन व्होल्कॉफ म्हणून शास्त्रज्ञ आहेत, माशाची भूक कशानं वाढते आणि कशानं मरते हाच त्यांचा विषय. 2008 साली त्यांच्या टीमचं गोल्डफिशवरचं काम आलं. मेंदूत ओरेक्सिन असतं, ते भूक वाढवतं, ते टोचल्यावर मासे जास्त खायला लागले पण अंडी घालायचं वागणं कमी झालं. आणि उलट, जीएनआरएच, म्हणजे अंडी पिकवायचा निरोप मेंदूतून ज्याच्या हातून जातो ते हार्मोन, त्याचा एक प्रकार टोचला तर अंडी घालायची गडबड वाढली, खाणं घटलं आणि मेंदूतलं ओरेक्सिनसुद्धा उतरलं. म्हणजे दोघं एकमेकांना दाबतात! हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जाईना.

गोल्डफिश आणि रोहू एकाच घराण्यातले, दोघांनाही जठर नसतं. पण गोल्डफिश टाकीत अंडी घालतो आणि रोहू साचलेल्या पाण्यात घालत नाही. मग रोहूचं खाणं पण याच कारणानं सुटत असेल का, आणि अंडी बाहेर पडलीच नाहीत तर भूक परत कधी येते? कुणी बघितलंय का?

उत्तर १
ताई, हार्मोनचं नंतर, आधी पहाटे पाचला तळ्यावर जा. आभाळ आलं की शेवाळ दिवसा ऑक्सिजन कमी बनवतं आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन एकदम खाली येतो. मासे वर तोंड काढून हवा घ्यायले असतील तर खाद्य बंद करून एरेटर लावा, नसला तर मोटर लावून पाणी वरून पाडा. न खाल्लेलं खाद्य तळाशी सडलं तर अजून वाईट.

उत्तर २
मी पाच वर्षं हॅचरीवर होतो. मोठा मासा धरून छातीजवळचा पंख आतून चोळून बघा. खरखरीत लागला तर नर, पोट हलकं दाबलं की दुधासारखं येईल. मादीचा पंख गुळगुळीत, पोट मऊ आणि फुगलेलं, मागचं छिद्र लालसर. दाबताना हात हलका ठेवा.
तळ्यात अंडी पिकतात, पण शेवटचा धक्का मिळत नाही, मेंदूतलं डोपामाइन ब्रेक लावून बसतं. म्हणून तर इंजेक्शन द्यावं लागतं. 1957 ला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचा, अर्क टोचून हे जमवलं, 10 जुलै मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो त्याचमुळं. आता जीएनआरएचसारखं औषध आणि डोपामाइन अडवणारं डोमपेरिडोन एकत्रच येतं. न टोचलेल्या मादीची अंडी अंगातच जिरतात. आमच्याकडच्या माद्या पोळ्याच्या आसपास परत नीट खायला लागायच्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पहाटे गेले होते, कुणीच वर तोंड काढलेलं नव्हतं. जाळ्यात सात आले, पाच माद्या, पोटं टम्म, दोन नर, दोघांचेही पंख खरखरीत. पप्पांनी स्वतः हात लावून बघितलं, मग गोल्डफिशचं सगळं सांगितलं, तर म्हणाले बाटली राहू दे. खाद्य निम्मं केलंय, बारके खातात तेवढंच टाकतो.
पण त्या पाचातल्या एका मादीच्या शेपटीजवळ खवले उचललेत आणि लाल झालंय. हे अंड्यांचं वाटत नाही. तिला वेगळ्या टाकीत ठेवलंय, पाण्यात मीठ किती टाकू आणि किती वेळ ठेवू ते सांगा, आजच करायचंय.