सिकलसेलचा बदल सहाव्या जागी की सातव्या?

रानफूल
नागपूरला एम.एस्सी. करतेय, प्रकल्प सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. पुस्तकात आहे की बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिन साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलिन येतं, म्हणजे जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं. पण युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरचा क्रम मोजला तर सहाव्या जागी प्रोलिन! शिवाय डीएनएतले बदल नोंदवणाऱ्या व्हीसीएफ फाइलमध्ये एचा टी नाही, टीचा ए दिसतोय. फाइल चुकली का?

पंचगंगा
फाइल बरोबर आहे आणि पुस्तकही. युनिप्रॉट पहिल्या मेथिओनिनपासून मोजतं. पेशीत ते मेथिओनिन कापलं जातं, म्हणून रक्तातली साखळी पुढच्या व्हॅलिनपासून सुरू होते. १९५७ साली केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमनी हा बदल पकडला, तेव्हा जनुक वाचायची सोयच नव्हती. हाताशी होतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. सहावी जागा त्या मोजणीतली. आजच्या अहवालात सातवी लिहितात.

बीटा ग्लोबिनचं एचबीबी जनुक ११व्या गुणसूत्राच्या उलट धाग्यावर आहे आणि व्हीसीएफ कायम सरळ धाग्याची अक्षरं देतं; एसमोर टी असतो, म्हणून टीचा ए. संदर्भ म्हणून जीआरसीएच३८ हा मानवी डीएनए क्रम वापरला असेल तर जागा ५२२७००२ असायला हवी. बघून घे.

मोजपट्टी
मास स्पेक्ट्रोमेट्रीही (रेणूंचं वस्तुमान मोजणं) करणार असाल तर ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकराने कापलेला पहिला तुकडा ९५२.५ ऐवजी ९२२.५ एम/झेडला (वस्तुमान भागिले विद्युतभार) शोधा. डेटाबेसमध्ये बदललेला क्रम घातलाच नाही, तर सॉफ्टवेअरला तो सहसा ओळखता येत नाही.

रानफूल
जागा जुळली, ताई! पण काही रुग्णांत ०/१, म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत बदल, दिसतंय आणि त्रास तर पुरता सिकलसेलचा. सारखे सांधे दुखतात, रक्त चढवावं लागतं. वाहकाला एवढा त्रास होतो?

पंचगंगा
सहसा नाही. म्हणून कुठल्याही नावापुढे घाईने ‘वाहक’ लिहू नकोस. त्या शेऱ्यावर माणसाचे उपचार ठरतात, लग्नाआधीचा सल्ला ठरतो. जनुकाच्या दुसऱ्या प्रतीवर बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा ग्लोबिन कमी बनवणारा, बदल असू शकतो. भारतात सर्वांत जास्त आढळतो तो पहिल्या इंट्रॉनच्या (जनुकातला, प्रथिनात न येणारा भाग) पाचव्या जागी जीचा सी. तू फक्त आरएस३३४, म्हणजे सिकलसेलचाच बदल, गाळून घेतला असशील तर तो दिसणारच नाही, अख्खं एचबीबी बघ. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणीही मागव, मात्र रक्त चढवल्यानंतर लगेचची नको. वाहकात सिकलसेलच्या हिमोग्लोबिन एसपेक्षा नेहमीचं ए जास्त असतं. उलट दिसलं तर संशय बळावतो.

रानफूल
उलटा धागा, म्हणजे फाइलमध्ये सीचा जी शोधायचा ना?

पंचगंगा
हो! आणि सापडला तर बॅम फाइल (त्यात यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे रीड असतात) आयजीव्ही या ते तुकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. दोन्ही बदलांत ७७ अक्षरांचंच अंतर आहे, १५० अक्षरांच्या एका रीडमध्ये दोन्ही जागा मावतात. एका रीडवर एकच बदल, दुसऱ्यावर दुसरा, असं दिसलं तर ते वेगवेगळ्या प्रतींवर आहेत. मग हे सरांना आजच दाखव, थांबू नकोस.