मुलाच्या खोट्या साक्षीला चित्रपटाने शिक्षा द्यावी का?

प्रश्न – एक शिक्षक, तालुका घाटंजी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि काही मित्रांसोबत, पदरच्या पैशांतून, सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट करण्याच्या तयारीत आहे. संहिता जवळजवळ लिहून झाली आहे; अडले आहे ते शेवटाशी.

कथा तेरा वर्षांच्या मुलाची आहे. बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गेल्यावर त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे. बँकेचे जुने पीककर्ज थकलेले आहे खरे, पण वडिलांना आतून पोखरत होते ते गावातल्या विनापरवाना सावकाराचे तोंडी कर्ज, आणि ते कोणत्याच कागदावर नाही. एक लाख रुपयांची शासकीय मदत मिळायची तर नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज आणि त्याच्या वसुलीचा तगादा या गोष्टी चौकशीत दिसाव्या लागतात. म्हणून मोठे काका मुलाला शिकवतात, ‘बँकवाले आठ रोजाआंधी घरी आल्ते, असं सांगजो.’ बँकेचे कोणीही आलेले नव्हते. मुलगा तलाठ्यासमोर तसे सांगतो, प्रकरण पात्र ठरते. मात्र त्या संध्याकाळी शाळेच्या सहलीच्या पैशांवरून तो वडिलांशी भांडला होता, ही गोष्ट त्याला कोणीच विचारत नाही आणि तो कोणाला सांगतही नाही.

माझा एक मित्र म्हणतो की शेवटी मुलाने तहसीलदारांसमोर सत्य कबूल केले पाहिजे, नाहीतर पाहणारी मुले खोटे बोलणेच शिकतील. दुसरा म्हणतो की मुलगा निव्वळ परिस्थितीचा बळी आहे, त्याच्या खोटेपणाकडे बोट दाखवूच नये. मला दोन्ही शेवट कृत्रिम वाटतात, पण का वाटतात ते नेमके मांडता येत नाही. अशा विषयांवरचे चांगले चित्रपट या ठिकाणी काय करतात?

उत्तर – वरोऱ्याचा एक प्रेक्षक

सर, आपल्या प्रश्नाला अगदी जवळचे उदाहरण फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५९ सालच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या चित्रपटात आहे. त्यातला शाळकरी मुलगा अंत्वान शाळेला दांडी मारल्याचे कारण म्हणून शिक्षकांना सांगतो की आपली आई वारली, आणि थोड्याच वेळात तीच आई शाळेत येऊन उभी राहते. पुढे तो टंकलेखन यंत्र चोरतो आणि पकडला जातो ते यंत्र परत ठेवायला गेल्यावर. दिग्दर्शक त्याला निर्दोष ठरवत नाही आणि त्याच्या वतीने माफीही मागत नाही. त्याने काय केले आणि मोठ्यांनी त्यावर काय केले, हे तो शेजारी शेजारी ठेवतो. सुधारगृहातल्या मुलाखतीत मानसोपचारतज्ज्ञ बाई पडद्यावर येतच नाहीत, फक्त त्यांचा आवाज ऐकू येतो. कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावरून हलत नाही आणि ती उत्तरे त्या बालकलाकाराने बहुतांशी स्वतःच्या मनाने दिलेली आहेत. मुलगा तिथे कबुली देत नाही, पश्चात्तापाचे भाषणही करत नाही, तरी इतर कुठल्याही प्रसंगापेक्षा त्या प्रसंगात तो आपल्याला अधिक कळतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्यासुद्धा साधुपुरुष नाही. डुकरे पकडण्याच्या घरच्या कामाची त्याला लाज वाटते आणि ती लाज तो घरच्यांपासूनही लपवू पाहतो. चित्रपट त्या लाजेबद्दल त्याला रागावत नाही, पण ती झाकतही नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच डुकरामागे धावणारे ते कुटुंब जागच्या जागी उभे राहते, तेव्हा नैतिक प्रश्न मुलाकडून आपल्याकडे वळतो, आणि शेवटी भिरकावलेला दगड तर थेट प्रेक्षकांच्याच दिशेने येतो.

आपले दोन्ही शेवट मला याच कारणाने खोटे वाटतात. कबुली दिली की प्रेक्षक मोकळा होतो आणि मुलगा बळी ठरला तरीही प्रेक्षक मोकळाच होतो. शिवाय माझ्या मते तलाठ्यासमोरचे खोटे हा आपल्या कथेचा गाभा नाही. काकांनी दिलेले वाक्य बोलताना मुलाला स्वतःलाच हायसे वाटते, कारण वडील बँकेच्या तगाद्याने गेले असतील तर ते सहलीच्या भांडणामुळे गेलेले नसतात. दुसऱ्यांसाठी बोललेल्या खोट्याचा आसरा तो स्वतः घेतो. हे संहितेत आधीच आहे, सर. शेवट त्यातूनच यायला हवा, तहसील कचेरीतून नव्हे.

उत्तर – आर्वीची एक कार्यकर्ती

मी गेली अनेक वर्षे अशा कुटुंबांतल्या बायकांसोबत काम करते, म्हणून थोडे कठोर लिहिते. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या खोट्या दाखवून पैसे लाटतात’ असे म्हणणारे लोक शहरातही आहेत आणि आमच्या गावांतही आहेत. आपल्या चित्रपटातला एक संवाद कापून ते मोबाइलवर फिरवतील. त्यामुळे हा विषय सोडा असे मी म्हणत नाही, पण मुलाचे खोटे दाखवणार असाल तर ते ज्या नियमामुळे बोलावे लागले तो नियमही तितक्याच स्पष्टपणे दाखवावा लागेल. मृत्यू खरा आहे, नापिकी खरी आहे, कर्जही खरे आहे. फक्त ज्याच्याकडून कर्ज घेतले त्याच्याकडे परवाना नव्हता. या तीन खऱ्या गोष्टींना शासनाच्या लेखी किंमत यावी म्हणून चौथी खोटी गोष्ट लागते, हे प्रेक्षकाला मुलाच्या आधी समजले पाहिजे.

आणि आई कुठे आहे? आपल्या मांडणीत काका बोलतात, तलाठी विचारतो, मुलगा सांगतो. २००६ च्या शासननिर्णयाप्रमाणे तीस हजार रुपये हातात येतात आणि सत्तर हजारांची ठेव होते. ते तीस हजार तेरवीत जातात, सावकाराकडे जातात की दिराच्या हाती पडतात, यावर त्या बाईचे पुढचे वर्ष ठरते. तिला हे खोटे ठाऊक असते आणि आपल्या लेकराच्या तोंडून ते वदवले गेल्याचेही ठाऊक असते. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो, तेच प्रश्न विचारले जातात, आणि प्रत्येक वेळी आपण त्या मुलीकडे अधिक बारकाईने पाहू लागतो. तुमच्याकडेही चौकशी एकदाच होत नाही. तलाठी येतो, पोलीस येतात, प्रस्ताव तहसीलमधून जिल्हा समितीकडे जातो. प्रत्येक वेळी मुलगा तेच वाक्य अधिक सफाईने बोलतो, आणि आई प्रत्येक वेळी ते ऐकते.

उत्तर – चित्रीकरणात सहायक म्हणून काम केलेला एक जण, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातून

आधीच्या दोघांनी चित्रपटातल्या मुलाचा विचार केला. मला ती भूमिका करणाऱ्या मुलाबद्दल लिहायचे आहे. आपल्या पंचक्रोशीतला तेरा वर्षांचा मुलगा घ्याल, तर असा मृत्यू त्याच्या घरात, भावकीत किंवा शेजारी झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. निवड करण्यापूर्वी हे घरच्यांना स्पष्ट विचारा, आणि तसे असल्यास दुसरा मुलगा पाहा. रडण्याचा प्रसंग खरा व्हावा म्हणून मुलाला त्याच्या घरच्या दुःखाची आठवण करून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि चित्रपट कितीही चांगला होणार असला तरी हे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

नियमही आहेत. चौदा वर्षांखालील मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या मोबदल्यातले किमान वीस टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावे लागतात. आपला चित्रपट लहान आहे म्हणून यातले काही गाळू नका.

मृत्यूचे साधन मुळीच दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपटकारांसाठी काढलेल्या पुस्तिकेत पद्धतीचे तपशील टाळायला सांगितले आहे. उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये नचिकेत कसा गेला यापेक्षा समीरचे आपल्या या भावाला शोधत राहणे महत्त्वाचे ठरते, आणि आपल्यालाही तीच वाट बरी पडेल.

प्रश्नकर्ता

आपण तिघांनीही मनापासून लिहिलेत. कबुलीजबाब मी काढतो आहे. चौकशी तीनदा होईल. विचारणाऱ्यांचे फक्त आवाज येतील आणि तिसऱ्या वेळी कॅमेरा मुलावर नसून आईवर असेल. सावकाराच्या परवान्याची गोष्ट काकांच्याच तोंडी, पहिल्या पाच मिनिटांत येईल. सहलीच्या भांडणाचे मात्र अजून ठरत नाही. ते मुलाने आईला सांगावे असे मला वाटते, पण सांगितल्यावर ती जे काही म्हणेल ते पुन्हा निवाडाच ठरेल, ही अडचण आहे.

आर्वीची कार्यकर्ती

भाऊ, तिने काही म्हणायलाच हवे असे नाही. कदाचित ते भांडण तिने त्याच वेळी घरात ऐकलेलेही असेल. पण हे तुम्ही आणि मी ठरवण्यापेक्षा संहितेचे एक वाचन आमच्याकडच्या बायकांसमोर ठेवा. निंदणाची कामे ओसरली की दुपारी दोन तास त्या बसू शकतील. ज्या जागी त्या तुम्हाला थांबवतील, त्या जागा लिहून घ्या आणि चित्रीकरणाची तारीख त्यानंतर ठरवा.