मदत हवी आहे: तुसाच्या राखेच्या टाइल्स तडकतात, आतून काळ्या राहतात

नमस्कार मंडळी, मी तुमसरची. आमच्या भागात राइस मिल गल्लोगल्ली, क्विंटलभर धानामागे साधारण वीस किलो तूस निघतं, ते बॉयलरात जाळलं की चारेक किलो राख उरते आणि ती नाल्याकाठी टाकतात, वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. या राखेत ८५-९० टक्के सिलिका (वाळूत असते तीच) असते हे एम.एस्सी.ला शिकले तेव्हापासून डोक्यात आहे की हिचं काहीतरी करायचंच.

आईच्या चुलीला बाहेरून लावायला उष्णता अडवणाऱ्या टाइल्स करतेय. कुंभाराकडची लाल माती ७० भाग, मिलची काळी राख ३० भाग, साच्यात दाबून चार दिवस सावलीत वाळवल्या, कॉलेजच्या मफल फर्नेसमध्ये (बंद भट्टीत) ९५० डिग्रीला दोन तास भाजल्या. वरून मस्त विटकरी रंग, पण मोडून बघितली तर मधोमध काळाकुट्ट पट्टा, आणि केसासारख्या बारीक भेगा. टिचकी मारली की बद्द वाजते. भट्टी निवताना २५० डिग्रीला आल्यावर राहवलं नाही म्हणून दार उघडलं होतं, त्याने काही झालं असेल का? चारही घाणे असेच गेलेत, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, दार उघडल्यानेच भेगा पडल्या असणार. बॉयलरात तूस फार तापतं, ८००च्या वर गेलं की सिलिकाचं क्रिस्टोबलाइट (तिचं स्फटिक रूप) व्हायला लागतं आणि ते थंड होताना २०० ते २७०च्या दरम्यान एकदम आकसतं, नेमकं तिथेच तुम्ही गार वारा दिलात. शंभरच्या खाली आल्याशिवाय हात लावू नका. काळा पट्टा म्हणजे न जळलेला कार्बन. तुसातलं पोटॅशियम सिलिकाला वितळवतं आणि कार्बन आत कोंडला जातो, मग नंतर कितीही भाजा, जात नाही. म्हणून मिलची राख सोडा, कच्चं तूस घ्या, सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्यात तासभर ठेवून चांगलं चार-पाच पाण्यांनी धुवा, वाळवा आणि पातळ थरात ७००च्या आत जाळा. राख पांढरी-करडी यायला हवी. टाइल भाजताना पण ६०० ते ८०० हळूहळू चढवा, एकीवर एक रचू नका, हवा खेळू द्या. आणि मिलची राख चाळताना मास्क लावाच, क्रिस्टोबलाइटची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

खूप खूप आभार दादा! मास्कचं डोक्यातच नव्हतं, मी ओढणी बांधून चाळत होते. काकांच्या मिलमधून उद्याच दोन पोती तूस आणते. फक्त एक सांगा, धुतलेलं तूस अंगणात पत्र्यावर जाळलं तर तापमान कसं ओळखायचं, थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) तर घरी नाही?